शाळेत मास्तर, कौन्सिलात प्रश्नकर्ते

स्मरणिकेच्या बैठकीत कोणी कोणावर लिहायचे याची वाटणी झाली, तेव्हा टिळक आणि आगरकर पहिल्या पाच मिनिटांतच संपले. विष्णुशास्त्र्यांना एका मैत्रिणीने उचलले, नामजोशींना दुसऱ्याने. गोखल्यांचे नाव कोणी घेईना. शेवटी मीच म्हटले, मला द्या. आपल्या न्यू इंग्लिश स्कूलचे नाव निघाले की पहिल्या पिढीतल्या सिंहांची आठवण होते, त्यात गैर काही नाही. पण १८८५ साली दरमहा पस्तीस रुपयांवर आपल्या शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून लागलेला अठरा वर्षांचा पोरगेला पदवीधर पुढे देशाच्या कायदेमंडळात उभा राहून सरकारला कोंडीत पकडत होता, आणि सात समुद्रापलीकडच्या मंत्र्यांनाही त्याने समोरासमोर बसून जाब विचारला, ही गोष्ट आपण शाळेत असताना आपल्याला कोणी फारशी सांगितली नाही. चौथीच्या पुस्तकातला एखादा धडा आणि गोखले रस्ता, एवढीच आपली त्यांच्याशी ओळख.

मला हा विषय जवळचा वाटण्याचे दुसरेही कारण आहे. माझी नोकरी मंत्रालयात गेली आणि तिच्यातली बरीच वर्षे मी विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात घालवली. प्रश्न ठरलेल्या साच्यात येतो: अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने काय कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तरांचाही साचा असतो. अंशतः खरे आहे. माहिती गोळा करण्यात येत आहे. प्रश्न उद्भवत नाही. मंत्र्याला सभागृहात अडचण होणार नाही असे उत्तर लिहिणे हीच आमची कारागिरी. त्यामुळे कोणता प्रश्न नुसत्या शब्दांनी वाटेला लावता येतो आणि कोणत्या प्रश्नापुढे आख्खा विभाग रात्री नऊपर्यंत बसून राहतो, हे मला अनुभवाने कळते. गोखल्यांचे प्रश्न आणि भाषणे मी निवृत्त झाल्यावर वाचली. वाचताना पहिला विचार मनात आला तो हा, की याची उत्तरे लिहायला आपण नव्हतो हे बरे झाले.

गोपाळ कृष्ण गोखले जन्मले ९ मे १८६६ रोजी, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळच्या कोतळूक गावी. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली आणि धाकट्याला शिकवले. कोल्हापूर, मग इथले डेक्कन कॉलेज, मग मुंबईचे एल्फिन्स्टन, असे करत १८८४ मध्ये ते बी.ए. झाले. कुटुंबाने पोटाला चिमटा काढून शिकवलेल्या मुलाने सरकारी नोकरी धरावी किंवा वकील व्हावे, ही घरच्यांची अपेक्षा अगदी रास्त होती. त्यांनी आपल्या शाळेत मास्तरकी पत्करली. पुढच्याच वर्षी ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले, म्हणजे वीस वर्षे तुटपुंज्या वेतनावर शिकवण्याची शपथ घेतली. फर्ग्युसन कॉलेजात पुढे त्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. जो विषय रिकामा पडेल तो घ्यायचा. आपल्या शाळेत असताना त्यांनी अंकगणिताचे एक पुस्तक तयार केले आणि ते पुढे कितीतरी वर्षे शाळाशाळांतून चालले. वर्गात बसून त्या पुस्तकातली उदाहरणे सोडवणाऱ्या मुलांना कल्पना नसेल, पण तीच उदाहरणांची सवय पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात उपयोगी पडली.

खरी तालीम मात्र रानड्यांच्या हाताखाली झाली. न्यायमूर्ती रानडे त्यांच्याकडून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे आणि सरकारला पाठवायच्या अर्जांचे काम करून घेत. सरकारी अहवाल, जमाबंदीचे तक्ते, आयात-निर्यातीचे आकडे हे सगळे आधी वाचायचे, मग टिपणे काढायची, मग मसुदा, आणि तो मसुदा रानडे ओळीओळीने तपासणार. गोखले रानड्यांना आयुष्यभर गुरू मानत. टिळकांशी त्यांचे मतभेद याच काळात वाढले आणि सोसायटीत फूट पडली. त्या भांडणाचा न्याय करायला मी हा लेख घेतलेला नाही. पुण्यात त्यावर शंभर वर्षे वाद चालू आहे आणि आपल्या मेळाव्यातही चहाच्या वेळी तो होईलच.

एक प्रसंग मात्र टाळता येत नाही, कारण त्यानंतरचे गोखले त्याच्यातून घडले असे मला वाटते. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणारे ते कमिशन. तिथे साहेबांच्या उलटतपासणीला तीस वर्षांचा हा प्राध्यापक आकड्यांनिशी पुरून उरला. पण त्याच सुमारास पुण्याहून त्यांना पत्रे गेली की प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले आहेत. गोखल्यांनी ते विलायतेच्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध केले. इकडे रँडचा खून झाला, वातावरण पेटले, आणि परत आल्यावर त्या आरोपांना पुरावा द्यायला पुढे कोणी येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची जी छी-थू झाली ती सोसणे सोपे नव्हते. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत. यापुढे त्यांच्या तोंडून सार्वजनिक ठिकाणी असे विधान सापडत नाही की ज्याच्या पाठीशी कागद नाही.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. तिथे शेवटपर्यंत होते. हे कौन्सिल म्हणजे काय चीज होती ते आजच्या वाचकाला सांगायला हवे. १८९२च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारता येत, पण आधी नोटीस देऊन, आणि मिळालेल्या उत्तरावर दुसरा प्रश्न विचारायची सोय नाही. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. १९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी थोडी फट उघडली. प्रश्न विचारणाऱ्याला पुरवणी प्रश्नाची मुभा मिळाली आणि ठराव मांडता येऊ लागले. ठराव मंजूर झाला तरी ती नुसती शिफारस, सरकारवर बंधन नाही. आणि सरकारी सभासदांचे बहुमत कायम ठेवलेले, म्हणजे सरकारच्या मनात नसेल तर शिफारससुद्धा मंजूर होणार नाही. शिवाय परराष्ट्रांशी असलेले संबंध आणि देशी संस्थाने या विषयांना हातच लावायचा नाही, असा नियम होता.

आता मौज पाहा. परराष्ट्रांविषयी बोलायचे नाही. पण ज्या मुलखांत हिंदी माणसाला सर्वांत वाईट वागवले जात होते ते मुलूख परके नव्हतेच. ते ब्रिटिश साम्राज्याचेच भाग होते. दक्षिण आफ्रिकेतले नाताळ, मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद, ब्रिटिश गियाना. (नाताळ हे त्या वसाहतीचे नाव. माझ्या नातीने हे वाचताना डिसेंबरचा सण समजून बराच गोंधळ घातला.) एकाच बादशहाची प्रजा म्हणवून घेणाऱ्या दोन मुलखांमधला हा प्रश्न असल्यामुळे नियमाच्या भिंतीला दार सापडले आणि गोखले त्यातून आत शिरले. परदेशांतल्या हिंदी माणसांविषयी हिंदुस्थान सरकारला सभागृहात जबाबदार धरायची आपल्याकडची सुरुवात मला इथे दिसते.

प्रश्न काय होता तो थोडक्यात सांगतो. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. मग हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या कराराने माणसे नेण्याची पद्धत निघाली. करार म्हणजे इंग्रजीत अॅग्रिमेंट, त्याचा मजुरांच्या तोंडी झाला गिरमिट, आणि माणूस झाला गिरमिट्या. नाताळला पहिली बोट मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी दरबानला लागली. तिथपासून १९११पर्यंत दीड लाखाहून अधिक माणसे त्या एका वसाहतीत गेली. करार मोडला, कामाला गेला नाही, तर दिवाणी दावा नाही, फौजदारी शिक्षा. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका न्यायच्या असा दंडक, आणि त्यातून मळ्यांच्या बराकींत जे आयुष्य उभे राहिले त्याची कल्पना करावी. भरती करणारे दलाल काय सांगून नेत आणि नेलेल्याला जायचे कुठे आहे याची कितपत समज असे, हे वेगळेच.

पाच वर्षे संपल्यावर या माणसांनी तिथे स्थायिक होऊ नये अशी नाताळच्या गोऱ्यांची इच्छा. म्हणून १८९५ मध्ये कायदा आला: करार संपल्यावर जो परत जाणार नाही किंवा नवा करार करणार नाही, त्याने दरसाल तीन पौंड कर भरायचा. आधी तर ते पंचवीस पौंड मागत होते. पुढे हा कर सोळा वर्षांवरच्या मुलांना आणि तेरा वर्षांवरच्या मुलींनाही लागू झाला. आता गोखले मास्तरांच्या पुस्तकात शोभेल असे उदाहरण घ्या. नवरा, बायको, एक सतरा वर्षांचा मुलगा, एक चौदा वर्षांची मुलगी. चौघांचे तीन-तीन पौंड, म्हणजे बारा पौंड, म्हणजे दोनशे चाळीस शिलिंग. बाप्याची मजुरी महिन्याला चौदा शिलिंग धरली तर वर्षाची होते एकशे अडुसष्ट. कर भागवण्यासाठी हे कुटुंब खाणार काय, हा उदाहरणाचा दुसरा भाग. उत्तर एकच होते, पुन्हा गिरमिटात जायचे. कर तिजोरी भरण्यासाठी नव्हताच. माणूस पुन्हा मळ्यात ढकलण्यासाठी होता.

गांधी नावाचा एक तरुण बॅरिस्टर १८९६ मध्ये हेच सांगत पुण्याला आला होता. फर्ग्युसनच्या आवारात गोखल्यांशी त्याची पहिली भेट झाली. गांधीजींनी त्यांना पुढे राजकीय गुरू म्हटले हे सर्वांना ठाऊक आहे. १९०१-०२ मध्ये कलकत्त्याला गांधीजी त्यांच्या घरी सुमारे महिनाभर राहिले. तेव्हापासून दक्षिण आफ्रिकेची कागदपत्रे गोखल्यांच्या टेबलावर असत. १९०९ मध्ये सर रतन टाटांनी तिथल्या लढ्यासाठी पंचवीस हजार रुपये दिले. अशा मदतीच्या मागेही गोखल्यांचा हात असे.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी, नव्या कौन्सिलच्या पहिल्याच अधिवेशनात, कलकत्त्याला गोखल्यांनी ठराव मांडला की नाताळसाठी हिंदुस्थानातून गिरमिटे मजूर भरती करण्यास बंदी घालण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घ्यावा. ठराव बघा कसा बेतला आहे. सगळ्या जगातली गिरमिटाची पद्धत बंद करा असे म्हटले असते तर आमच्यासारख्या कारकुनाने विचाराधीन आहे असे दोन ओळींचे उत्तर लिहून दिले असते. नाताळला मजूर हवेत, आणि मजूर आपल्याकडून जातात. नळाची चावी आपल्या हातात आहे, ती फिरवा. रागावलेला सभासद काय करायला हवे ते सांगतो, जाणकार सभासद काय करता येते ते सांगतो. सरकारलाही दक्षिण आफ्रिकेतल्या वागणुकीची लाज वाटू लागली होतीच. ठराव सरकारने स्वीकारला, कायद्यात त्याच वर्षी दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९११पासून नाताळची भरती बंद पडली. ज्या सभागृहात हिंदी सभासदांना बहुमत नव्हते आणि जिथले ठराव बंधनकारक नव्हते, तिथे हे घडले.

मग ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. आता सगळीच गिरमिट पद्धत बंद करा. याही वेळी भाषणात आरडाओरडा नाही. सरकारच्याच समित्यांपुढे झालेल्या साक्षी, सरकारच्याच अहवालांतले आकडे, मळ्यांवरच्या आत्महत्यांचे प्रमाण, फौजदारी शिक्षांचे प्रमाण, हे एकामागून एक मांडून, ज्या करारात एका बाजूला शर्ती समजतच नाहीत त्याला करार कसे म्हणायचे, असा सवाल त्यांनी सरकारपुढे ठेवला. सरकारी बाजूने उत्तर आले की पद्धत सदोष असेल तर दोष काढू, पण बंद करण्याचे कारण नाही, मजुराला तिकडे इथल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात. हे उत्तर ओळखीचे वाटते, नाही? ठराव नापास झाला. हिंदी बिनसरकारी सभासद एका बाजूला आणि सरकारी बहुमत दुसऱ्या बाजूला, असे चित्र त्या दिवशी दिसले. दर वर्षी पुन्हा मांडत राहू, असे गोखल्यांनी तिथेच बजावले होते. त्याच महिन्यात त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिलही अडतीस विरुद्ध तेरा मतांनी पडले. शाळामास्तराच्या मनाला ते किती लागले असेल ते आपण समजू शकतो. मधुमेहाने शरीर पोखरलेले. वय शेहेचाळीस.

या अवस्थेत ते दक्षिण आफ्रिकेला निघाले. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केपटाऊनला उतरले. तिथल्या सरकारने त्यांना पाहुणे म्हणून वागवले, प्रवासाला रेल्वेचा खास डबा दिला. ज्या देशात हिंदी माणसाला साध्या डब्यातून उतरवत, तिथे हा थाट. किंबर्ली, जोहान्सबर्ग, नाताळ असा त्यांचा दौरा झाला. सत्कार, मानपत्रे, मेजवान्या झाल्याच, पण दरबानमध्ये तीन पौंडांचा कर भरणाऱ्या माणसांच्या कहाण्या त्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकल्या.

या दौऱ्यातल्या दोन-तीन गोष्टी गांधीजींनी लिहून ठेवल्या आहेत आणि मला त्या भाषणांपेक्षा आवडतात. जोहान्सबर्गच्या मेजवानीला जायचे होते आणि गोखल्यांचे उपरणे चुरगळलेले होते. उपरणे साधे नव्हते, रानड्यांनी दिलेले होते. गांधीजी म्हणाले मी इस्त्री करतो. गोखल्यांना त्यांच्या वकिलीवर भरवसा होता, धोबीकामावर नव्हता. खूप मनधरणी झाल्यावर त्यांनी ते हातात दिले, आणि इस्त्री चांगली झाली. दुसरी गोष्ट भाषेची. तिथल्या कोकणी मुसलमानांपुढे आणि मराठी हिंदूंपुढे गांधीजींनी त्यांना मराठीत बोलायला लावले आणि स्वतः हिंदुस्थानीत भाषांतर केले. गोखल्यांनी आधी त्यांच्या मराठीच्या समजुतीची थट्टा केली, पण भाषांतर पसंत पडले. रत्नागिरीच्या बाजूने आलेल्या त्या दर्यावर्दी माणसांना आफ्रिकेत गुहागरकडचा माणूस आपल्या बोलीत बोलताना ऐकून काय वाटले असेल! तिसरी गोष्ट टॉलस्टॉय फार्मची. स्टेशनापासून दीड मैल चालत जाताना पावसाने भिजून त्यांना सर्दी झाली. सगळे जमिनीवर झोपतात हे कळल्यावर त्यांनी त्यांच्यासाठी आणलेली खाट नाकारली आणि आजारी अंगाने जमिनीवरच झोपले.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात मंत्र्यांची भेट ठरली. बोथा पंतप्रधान, सोबत स्मट्स आणि फिशर. गांधीजींनी बरोबर जाऊ नये असे ठरले, कारण त्यांच्या हजेरीने मंत्री बिथरले असते. आदल्या रात्रीचे वर्णन वाचण्यासारखे आहे. चारही वसाहतींत हिंदी लोकांची स्थिती काय, कोणते कायदे कधी झाले, याचे टिपण गांधीजींनी तयार करून दिले होते. गोखले ते घेऊन रात्रभर बसले. प्रत्येक मुद्दा विचारून घेतला, मग आपल्याला समजले ते परत गांधीजींना म्हणून दाखवले आणि बरोबर आहे ना याची खात्री करून घेतली. परीक्षेच्या आदल्या रात्री करतात तसे. आयुष्यभर शिकवलेला माणूस त्या रात्री विद्यार्थी होऊन बसला होता. समोरच्या मंत्र्याला आपल्यापेक्षा कायदा जास्त ठाऊक निघाला तर सगळे गेले, हे त्यांना पक्के माहीत होते.

भेटीहून ते खुशीत परतले. तीन पौंडांचा कर जाणार, ट्रान्सवालचा काळा कायदा रद्द होणार, प्रवेशाच्या कायद्यातला वर्णाचा उल्लेख निघणार, तेव्हा गांधी, तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात या, असे त्यांनी सांगितले. गांधीजींना त्या मंत्र्यांचा अनुभव होता. त्यांना विश्वास वाटला नाही, आणि वर्षभरात येणे जमेल असेही वाटले नाही. पण एवढ्या मोठ्या माणसाला वचन दिले गेले आहे, ते मोडले तर लढ्याचे कारण आणखी न्याय्य ठरेल, असा त्यांनी हिशेब केला.

इथे माझ्यासारख्याला हळहळ वाटते. वचन तोंडी होते. सभागृहातले उत्तर छापले जाते, त्याला आश्वासन म्हणून धरता येते. आमच्या विधिमंडळात तर अशा आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समितीच आहे. प्रिटोरियाच्या खोलीत छापणारे कोणी नव्हते. गोखले परत आल्यावर इकडच्या काही वर्तमानपत्रांनीही त्यांना धारेवर धरले, की तुम्ही नव्या हिंदी माणसांच्या प्रवेशाचा हक्क सोडून आलात. आणि पुढच्या वर्षी स्मट्स तिथल्या पार्लमेंटात उभे राहून म्हणाले की नाताळचे गोरे तयार नाहीत, कर काढता येत नाही.

गोखल्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर अपमान गिळून स्वस्थ बसला असता, किंवा मी सांगितले तसेच ते म्हणाले होते असा खुलासा वर्तमानपत्रांत करत राहिला असता. गांधीजींनी सत्याग्रहात तीन पौंडांच्या कराचा मुद्दा घेतला. गोखल्यांनी विचारले, लढणारे किती? उत्तर गेले, जास्तीत जास्त पासष्ट-सहासष्ट, कमीत कमी सोळा. आकड्यांच्या माणसाला हा आकडा वाचून काय वाटले असेल ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पण न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, आणि ६ नोव्हेंबर १९१३ रोजी जो मोर्चा ट्रान्सवालच्या हद्दीत शिरला त्यात २,०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुले होती. सोळा कुठे आणि हे कुठे.

इकडे गोखले तारांवर तारा पाठवत होते. आजारपणात गावोगाव फिरून पैसे जमवत होते. तिकडचा खरा वृत्तांत रोज हिंदुस्थानात पोचेल अशी त्यांनी व्यवस्था केली. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्यापर्यंत सगळी माहिती जात होती आणि २४ नोव्हेंबरला मद्रासला हार्डिंज यांनी सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखवली. ब्रिटिश व्हाइसरॉयने साम्राज्याच्याच दुसऱ्या सरकारवर जाहीर टीका करावी, ही त्या काळात अचाट गोष्ट होती. गोखल्यांनी अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना तिकडे धाडले. चौकशी आयोगापुढे साक्ष द्यायची की नाही यावर गांधीजींशी त्यांचे पटले नाही. द्यावी, असे त्यांचे मत होते. तरी लोकांसमोर त्यांनी गांधीजींची बाजू सोडली नाही. १९१४च्या मध्यावर तिथल्या पार्लमेंटने इंडियन रिलीफ अॅक्ट मंजूर केला. तीन पौंडांचा कर गेला. हिंदू-मुसलमान पद्धतीची लग्ने कायदेशीर ठरली.

गांधीजी तिथून थेट मायदेशी न येता गोखल्यांना भेटायला विलायतेला गेले, तर महायुद्ध सुरू झालेले आणि गोखले पॅरिसमध्ये अडकलेले. पुढे फेब्रुवारी १९१५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात भेट झाली. गांधीजींसाठी तिथे छोटा फराळाचा समारंभ ठेवला होता, फळे आणि सुका मेवा. गोखले खोलीतून कसेबसे चालत आले आणि तिथेच त्यांना घेरी आली. तरीही समारंभ थांबवू नका, असा त्यांचा निरोप आला. १९ फेब्रुवारी १९१५च्या रात्री ते गेले. वय पुरते एकोणपन्नासही नव्हते. टिळक सिंहगडावर होते, ते बातमी कळताच खाली उतरले आणि स्मशानात आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याविषयी गौरवाने बोलले. शाळेतले दोघे मास्तर. भांडणे त्यांनी नीट केली आणि निरोपही नीट दिला. गांधीजींनी वर्षभर पायांत वहाणा घातल्या नाहीत.

बीएमसीसी रस्त्यावर आजही समाजाचे ते आवार आहे, गोखल्यांच्या नावाची अर्थशास्त्राची संस्थाही तिथेच आहे. समाजात त्यांच्यामागे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री १९२७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे दक्षिण आफ्रिकेतले पहिले एजंट झाले. दुसरे सभासद हृदयनाथ कुंझरू स्वातंत्र्यानंतरही संसदेत परराष्ट्र धोरणावर सरकारला प्रश्न विचारत राहिले. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना वेळ असेल त्यांनी माझ्याबरोबर तिकडे यावे, शाळेपासून रिक्षाने पंधरा मिनिटे लागतात.

गिरमिटाचा ठराव गोखल्यांना पुन्हा मांडता आला नाही. मार्च १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तो कौन्सिलात आणला, आणि चार वर्षांपूर्वी ज्या सरकारने तो पाडला होता त्याच सरकारने तो स्वीकारला. १९१७ मध्ये भरती थांबली. नाताळची शेवटची बोट मात्र त्यांच्या हयातीतच, १९११ साली गेली होती.